मन्हं नाव लिखं का?

आश्विनातली सकाळ. नामपूरच्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीनं लागलेले. चार-पाच महिने चाळीत राहिलेला उन्हाळ कांदा ट्रॉल्यांमध्ये भरलेला. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसरीकडे सरकतो. पुढचा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातला कांदा वर काढतो, अंगठ्यानं त्याची मान दाबतो, पत्तीचा रंग बघतो. गोल्टी किती, खाद किती, मोड फुटलेला किती, हे त्याच्या बोटांना कळतं. बोली संपते, चिठ्ठी फाटते, ट्रॅक्टर भुईकाट्याकडे वळतो आणि दिवस संपायच्या आत शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. वरती त्याचं नाव. खाली वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम. भाव कसाही मिळो, पट्टीवर नाव चुकत नाही. चुकलं तर शेतकरी आवारातून हलत नाही.

मी मात्र कांद्यासाठी आलो नव्हतो. संस्कृतीचा अभ्यास केलेल्या मुलामुलींनी पोटापाण्यासाठी नेमकं काय शिकायला हवं, असा विषय संपादकांनी दिला होता. असल्या विषयासाठी लोक पुण्या-मुंबईत जातात. मी नामपूर निवडलं, कारण मी या मोसम खोऱ्यातला आहे आणि या विषयात मी जी चूक केली ती इथेच केली.

सटाण्याहून येताना रिक्षात शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, कशाला निघालात? मी म्हटलं, कल्चर शिकणाऱ्या मुलांवर लिहायचंय. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "कल्चर? कसानं? डाळिंबनं का?" बागलाणात कल्चर म्हणजे टिश्यू कल्चर. तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागा उपटून टाकाव्या लागल्या, तेव्हापासून निरोगी रोपाची चौकशी प्रत्येक घरात होते. मी नाही म्हटलं, गाण्यांचं, सणांचं, बोलीचं. "मंग त्यान्हं रोप कोठे भेटस?" त्यांनी थट्टेनं विचारलं. उत्तर मला सुचलं नाही.

नामपूर हे बागलाण तालुक्यातलं मोसम नदीवरचं गाव. मालेगाव-ताहाराबाद रस्त्यावरची मोठी पेठ. कळवण, सटाणा (म्हणजेच बागलाण), मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या पहिल्या अक्षरांतून लोकांनी 'कसमादे' असं नाव पाडलं आहे, त्या पट्ट्यातलं. बोली अहिराणी. जिल्हा नाशिक, म्हणून विद्यापीठ पुण्याचं. पलीकडे धुळे जिल्ह्याची हद्द लागली की तीच बोली जळगावच्या विद्यापीठाखाली जाते, ज्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. अहिराणीचं माहेर एका विद्यापीठात आणि सासर दुसऱ्यात म्हणावं असा हा प्रकार. नामपुरात कर्मवीर भाऊसाहेब हिरे यांनी स्थापन केलेल्या महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेचं समाजश्री प्रशांतदादा हिरे महाविद्यालय आहे. आसपासच्या गावांतली पोरं एस.टी.नं, दुचाकीवर इथे येतात.

आता या पोरांपुढच्या वाटा. मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. झालेल्याला गाव तीन-चार गोष्टी सुचवतं: बी.एड. कर, पोलीस भरतीला पळ, एम.पी.एस.सी.चा क्लास लाव, नाहीतर एम.ए. करून सेट-नेट दे. नेट झालेल्यांनाही तासिका तत्त्वावर किती वर्षं काढावी लागतात ते प्रत्येक स्टाफरूमला ठाऊक आहे. नेटच्या विषयांच्या यादीत लोकसाहित्य हा स्वतंत्र विषय आहे, 'आदिवासी व प्रादेशिक भाषा-साहित्य' असाही आहे. बहुतेकांना ते माहीत नसतं. माहीत असलं तरी त्या विषयाची जागा कोणत्या कॉलेजात निघते, हा पुढचा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे या विषयाचा गोंधळ मुळात असा, की संस्कृती 'माहीत असणं' हीच पात्रता समजली जाते. नामपूरच्या मुलीला कानबाईचे रोट माहीत असतात. नागपंचमीनंतरचा रविवार, घरातल्या माणसांच्या हिशेबानं मोजून घेतलेले गहू, रोट भाऊबंदांतच खायचे, सोमवारी विसर्जन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके, गौराईची गाणी, माहेरी आलेल्या लेकी. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मग तीन वर्षं कॉलेजात जाऊन ती काय शिकते? बऱ्याचदा एवढंच, की तिला जे येतं त्याला 'विधिनाट्य' किंवा 'लोकबंध' म्हणायचं. संज्ञा वाईट नाहीत. पण त्यांनी पोट भरत नाही, आणि गाणंही टिकत नाही.

माझ्या चुकीकडे येतो.

१९९६-९७ साली मी बी.ए.ला होतो. लोकसाहित्याचा पेपर होता आणि एका प्राध्यापकांनी सहज म्हटलं होतं, घरची गाणी जमवा. मामांचा टेपरेकॉर्डर उसना आणला. कोऱ्या कॅसेटी परवडत नव्हत्या, म्हणून सिनेमाच्या जुन्या कॅसेटी घेतल्या, त्यांच्या कडेच्या भोकांवर सेलोटेप चिकटवला आणि त्यांवर रेकॉर्ड केलं. बावीस कॅसेटी भरल्या. माझी फुई, म्हणजे आत्या, तिच्या शेजारणी, शेतावर खुरपणीला येणाऱ्या बाया. जात्यावरच्या ओव्या, आखाजीची गाणी, लग्नात व्याह्यांना दिलेल्या शिव्या, एका म्हाताऱ्यानं थाळीवर लावलेली कथा. काही ठिकाणी ओवी संपली की मागून जुना सिनेमा डोकं काढतो.

कॅसेटींवर मी लिहिलं: 'आखाजी १', 'आखाजी २', 'ओव्या', 'ओव्या (चांगल्या)'. बस. कोण गातंय, कुठल्या गावात, तारीख कोणती, गाणारीचं माहेर कुठलं, यातलं काहीच लिहिलं नाही. तेव्हा वाटलं, लिहायचं काय त्यात? फुईचा आवाज मी विसरणार आहे थोडाच!

दोनेक वर्षांनी त्यातल्या काही ओव्या एका नियतकालिकात छापून आल्या. संकलन म्हणून माझं नाव, ठळक टाईपात. अंक घेऊन मी कौतुकानं फुईकडे गेलो. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पानावरून हात फिरवला आणि विचारलं, "मन्हं नाव लिखं का रे?"

मी म्हणालो, जागा नव्हती. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली.

कांदा व्यापारी जे चुकवत नाही ते मी चुकवलं होतं. पुढे कळलं, की फुईनं विचारलं ते कायद्यातही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क मान्य केलेले आहेत आणि ते सादरीकरणानंतर पन्नास वर्षं राहतात. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात कलम ३८-ब घातलं गेलं. आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळख मिळण्याचा हक्क त्या कलमानं दिला. ओवी परंपरेची, रचणारी अज्ञात, हे खरं. पण त्या दुपारी जात्यापाशी बसून ज्या गळ्यानं ती म्हटली तो गळा अज्ञात नव्हता. 'पारंपरिक' हा शब्द आपण फार सैल हातानं वापरतो. त्याच्या आड गाणाऱ्यांची नावं गडप होतात आणि जमवणाऱ्यांची राहतात.

म्हणून मला कुणी विचारलं, संस्कृतीच्या विद्यार्थ्याचं पहिलं कौशल्य कोणतं, तर मी म्हणेन, लेबल लावणं. हे कारकुनी वाटतं, आणि आहेच. नाव, गाव, माहेर, वयाचा अंदाज, गाणं कुणाकडून आलं, एरवी कधी म्हणतात, आज कुणासमोर म्हटलं, कोण हसलं, कोण उठून गेलं, वापराची परवानगी कशाकशाला दिली आणि कशाला दिली नाही. माहेराचा रकाना तर चुकवूच नये. बायका लग्न करून गाव बदलतात आणि गाणी पदरात बांधून नेतात. नामपुरात ऐकलेली ओवी साक्रीची असू शकते, कळवणची असू शकते. माहेर न लिहिता 'बागलाणातील ओवी' म्हणून छापलं, की बोलीचा सगळा नकाशा चुकतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर आणि नीट झालेलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प उभा केला. खेड्यांतल्याच कार्यकर्त्यांना सोबत घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या हजारावर गावांतून जमवल्या, आणि बर्नार्ड बेल या संगणकाच्या जाणकारानं त्यांचा विदासंच बांधायला मदत केली. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आणि गाव जोडलेलं. त्यामुळेच २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या पुन्हा वाचकांपुढे येऊ लागल्या, तेव्हा 'पारी'ची मंडळी पुन्हा त्या गावांत जाऊन त्याच बायांना भेटू शकली, छायाचित्रं घेऊ शकली, आवाज पुन्हा मुद्रित करू शकली. वीस-पंचवीस वर्षांनी माणूस सापडतं ते अशा लेबलामुळे. माझ्या बावीस कॅसेटींतलं कुणीही तसं सापडणार नव्हतं.

दुसरी गोष्ट ऐकून लिहिण्याची. ही सोपी वाटते आणि इथेच सगळे आपटतात. अहिराणी बोलणाऱ्या घरात वाढलेल्या, पदवी मिळवलेल्या कुणालाही पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण द्या आणि जसंच्या तसं लिहा म्हणा. कानावर 'मन्हं' पडतं आणि हात 'माझं' लिहितो. 'शे' ऐकतो, 'आहे' लिहितो. पंधरा वर्षं शाळेनं लाल शाईनं जे दुरुस्त केलं, ते आता हातच दुरुस्त करू लागतो. मी स्वतः हे केलं आहे, आणि नंतर कॅसेट ऐकताना शरमलो आहे. माझ्या अनुभवात एका तासाचं ध्वनिमुद्रण नीट उतरवायला आठ-दहा तास जातात. गोंगाट असेल, दोघी एकदम बोलत असतील, तर दुप्पट. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेनं बनवलेलं 'इलान' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आवाजाच्या पट्टीखाली मूळ बोली, तिच्याखाली मराठी, तिच्याखाली टिपा अशा ओळी जोडता येतात. आठवडाभरात शिकता येतं. ते कोणत्या अभ्यासक्रमात आहे, म्हणून विचारू नका.

या बोलीवर ज्यांनी काम केलं, त्यांच्याकडे पाहिलं तर हीच चिकाटी दिसते. डॉ. रमेश सूर्यवंशींनी अहिराणीचा शब्दकोश केला आणि पुढे खानदेशातल्या कृषक जीवनाचा सचित्र कोश केला. सचित्र कशासाठी? कारण औताच्या किंवा गाडीच्या एखाद्या भागाचं नाव शब्दांत कितीही समजावलं तरी शहरातल्याला कळत नाही. रेषा काढून बाण दाखवावा लागतो. म्हणजे रेखाटन हेही कौशल्य झालं. सटाण्याच्या डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणीतलं नियतकालिक संपादित केलं, तालुक्याच्या गावी राहून बोली आणि लोकपरंपरांवर पुस्तकं लिहिली. गणेश देवींच्या बडोद्याच्या भाषा केंद्रामार्फत देशभर भाषांचं लोकसर्वेक्षण झालं. त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १९०७ साली, ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणानं खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं होतं. साहेबाला नमुने कोणी लिहून पाठवले? मामलेदार कचेऱ्यांतल्या, शाळांतल्या माणसांनी. त्यांची नावंही सहसा कुणी घेत नाही.

बोलीची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. २००१ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे सुमारे २०.७५ लाख होते, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख. माणसं वाढली आणि बोली सांगणारे घटले. पण म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत २०१३ पासून चाललेली लुप्तप्राय भाषांची योजना दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्यांसाठी आहे. अठरा लाखांच्या बोलीला तिथे दार नाही. आठव्या अनुसूचीत ती नाही, म्हणून तिथलाही पैसा नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा नाशिकमध्ये मी पेढे खाल्ले. त्या पेढ्यांतला एखादा तुकडा मोसमच्या काठी पोचावा, असंही वाटून गेलं.

मग या पोरांना काम देणार कोण?

सगळ्यात जवळचं उत्तर सह्याद्रीच्या रांगेत उभं आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातला एक साल्हेर. समुद्रसपाटीपासून १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि तो बागलाण तालुक्यातच. १६७२ मध्ये इथल्या पायथ्याच्या मैदानावर मराठ्यांनी मोगलांना उघड्यावर हरवलं. शेजारी मुल्हेर, बागुल राजांची राजधानी. तिथल्या नारायणशहाच्या दरबारात रुद्रकवीनं १५९६ साली राष्ट्रौढवंशाचं संस्कृत महाकाव्य रचलं. त्याच मुल्हेरात उद्धव महाराजांच्या समाधीपाशी कोजागिरीला रासोत्सव होतो, केळीच्या खांबांनी आणि फुलांनी सजवलेलं भलंमोठं चक्र उंच चढवतात आणि रात्रभर पदं म्हणतात. एका तालुक्यात एवढं.

यादीत नाव लागलं की माणसं येतात. आधी गिर्यारोहक यायचे, आता सहकुटुंब गाड्या येतील. २०२७ मध्ये नाशिकचा सिंहस्थ आहे. या माणसांना सांगणार कोण आणि काय? बहुतेक किल्ल्यांवरच्या पाट्या वाचल्या आहेत का? वर सनावळ्या, खाली 'परिसर स्वच्छ ठेवा'. चांगली पाटी साठेक शब्दांची असते. उभ्यानं, उन्हात, लेकराचा हात धरून वाचता यावी अशी. त्या साठ शब्दांत १६७२ ची लढाई, डोंगराला गावकरी काय म्हणतात ते आणि समोर दिसणाऱ्या सुळक्याचं नाव एवढं बसवायचं. हा गद्याचा कठीण प्रकार आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याकडून दहा पानी निबंध लिहून घेतात, साठ शब्द कुणी लिहून घेत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमधून फिरतं संग्रहालय चालवलं आहे. त्या बसमधली एखादी पाटी तयार होताना पाहिली, तर शब्द कसे कापतात ते समजेल.

आणि काय दाखवायचं नाही, हेही ठरवता यायला हवं. बागलाण-कळवणच्या कोकणा, भिल्ल पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव होतो. व्रत घेतलेली माणसं दिवसचे दिवस बाहेर राहतात, पावरी वाजते, अंगात वारं येतं, शेवटी पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावर जाणं होतं. तो बघण्याचा कार्यक्रम नाही. उद्या एखादा पर्यटनवाला तरुण पदवीधराला म्हणेल, हे शनिवार-रविवारी बसवता येईल का? 'नाही' म्हणता येणं आणि तरीही काम न गमावणं, ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. ती कुणाला शिकवता येते का, मला शंका आहे.

कामाची आणखी एक जागा फारशी कुणाच्या नजरेत नाही. भौगोलिक मानांकन. लासलगावचा कांदा, जळगावचं भरिताचं वांगं, जळगावची केळी यांना ते मिळालं आहे, येवल्याच्या पैठणीलाही. अर्जात पदार्थाचा त्या भूमीशी असलेला जुना संबंध कागदानं सिद्ध करावा लागतो. गॅझेटिअर, जुने दस्त, लोकगीतांतले उल्लेख, बनवणाऱ्यांच्या मुलाखती. हे कृषी पदवीधराचं काम नाही, वकिलाचंही पूर्ण नाही. ज्याला जुना कागद वाचता येतो आणि म्हातारीला बोलतं करता येतं, त्याचं आहे. खानदेशी मांड्यांवर असा अर्ज करायचा झाला, तर पालथ्या खापरावर मांडा पसरवणाऱ्या बाईचे हात शब्दांत उतरवणारा माणूस लागेल.

तसंच वृद्ध कलावंतांच्या मानधनाचं. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, २०२४ पासून महिना पाच हजार रुपये. पण अर्जाला वयाचा, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि कलेतल्या कामाचे पुरावे लागतात. सोंगांच्या पार्टीत चाळीस वर्षं नाचलेल्या माणसाकडे पुरावा कुठला? एखादी फाटलेली सुपारीची चिठ्ठी, जत्रेच्या पत्रकावर 'आणि मंडळी' म्हणून आलेला उल्लेख. त्याच्या घरी दोन दिवस बसून, जुने फोटो उलटवून, कुठल्या गावात कुठल्या सालात खेळ झाला ते जुळवून, सरपंचांच्या सहीची पत्रं जमवून फाईल उभी करणं, हा क्षेत्राभ्यासच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.ला प्रत्यक्ष काम आणि बी.ए.ला क्षेत्रप्रकल्प आले. विद्यार्थी धावत कुठूनतरी प्रमाणपत्र आणतात. त्याऐवजी प्रत्येकानं एका कलावंताची फाईल केली तर? कॉलेजला श्रेयांक, म्हाताऱ्याला पाच हजार. यासाठी वेगळा शासन निर्णय लागतो असं मला वाटत नाही.

आता पैशाचं. या क्षेत्रातली पोरं भाव सांगायला लाजतात. कुणी विचारलं की 'द्या काहीतरी' म्हणतात. 'मानधन' या शब्दानं आपल्याला बिघडवलं आहे. कांदा उत्पादक लिलावात 'द्या काहीतरी' म्हणतो का? ध्वनिमुद्रणाचे तास, प्रवास, मिनिटामागे उतरवण्याचा दर, शब्दामागे भाषांतराचा दर, आणि वेगळ्या ओळीत गाणाऱ्याचा वाटा. असं दरपत्रक एका पानावर मांडता आलं पाहिजे. पॅन कार्ड हवं, बिलाला क्रमांक हवा. संस्थेनं फीमधून दहा टक्के टीडीएस कापला तर तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, हे माझ्या ओळखीच्या किती लेखकांना पन्नाशीत कळलं! ज्यांना सवड हवी आहे त्यांच्यासाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप आहे: पंचवीस ते चाळीस वयोगट, महिना दहा हजार, दोन वर्षं. दहा हजारांत नाशिकला भाडंसुद्धा निघत नाही. नामपुरात आईच्या हातचं जेवून निघतं. गावी राहण्याचा हा एक फायदा विसरू नये.

मोसम नदी नामपूरहून पुढे मालेगावात जाते. तिथे नासिर शेख या व्हिडिओ पार्लरवाल्यानं २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. पैसा नाही, प्रशिक्षण नाही. यंत्रमागावर राबणारी माणसं नट झाली. फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' काढला. आता त्याच पट्ट्यात मोबाईलवर अहिराणी गाणी आणि विनोदी फिती बनतात. 'हाय झुमका वाली पोर' पार मुंबई-पुण्याच्या वराती नाचवून गेलं. विद्वान नाक मुरडतात. मला त्यात बोली जिवंत दिसते आणि कामही दिसतं: तळाला मराठी-हिंदी ओळी देणं, गीतकाराचं आणि वादकाचं नाव वर्णनात नीट लिहिणं, करार वाचणं. गाणं चालतं तेव्हा चॅनेलवाला गाडी घेतो आणि ढोलकीवाल्याचं नाव कुणाला माहीत नसतं. म्हणजे माझीच चूक, नव्या यंत्रावर.

जगात या अभ्यासाला ज्यांनी नाव दिलं, तेही अशाच ठिकाणाहून आले होते, हे सांगावंसं वाटतं. रिचर्ड हॉगार्ट, रेमंड विल्यम्स ही मंडळी विद्यापीठाबाहेरच्या प्रौढांना, कामकऱ्यांना संध्याकाळचे वर्ग शिकवत होती. १९६४ साली हॉगार्टनं बर्मिंगहॅम विद्यापीठात संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र काढलं, पुढे स्टुअर्ट हॉलनं ते नावारूपाला आणलं. २००२ मध्ये त्या विद्यापीठानं विभागच बंद केला. विषय कामगारांच्या वर्गात जन्मला आणि व्यवस्थापकांच्या बैठकीत मेला. आपल्याकडे त्यातली परिभाषा आली. संध्याकाळचे वर्ग आले नाहीत.

कॅसेटींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. फुई गेली. दोन वर्षांपूर्वी नाशिकमध्ये एकाकडून मी त्या बावीसही कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. दोन पार बुरशीनं गेल्या होत्या. उरलेल्या वीस घेऊन, एक छोटा स्पीकर आणि एक रेघांची वही घेऊन, मी सुट्टीत मोसम खोऱ्यात फिरतो. ओट्यावर बसतो, आवाज लावतो, विचारतो, ही कोण? म्हाताऱ्या कान देतात. कधी तिघींची तीन मतं पडतात. कधी एखादी काही न बोलता पदर डोळ्याला लावते, आणि मला कळतं की नाव मिळालं. आतापर्यंत अकरा आवाज ओळखू आले आहेत.

या वेळी, लिलाव बघून झाल्यावर, नामपूरजवळच्या एका वस्तीवर गेलो. 'ओव्या (चांगल्या)' लावली. मध्येच एक कोवळा आवाज मोठ्या बायांना अडवून पुढची ओळ सांगतो, त्यावर सगळ्या हसतात. दारात शेंगा सोलत बसलेली बाई थांबली.

"हाऊ मन्हा आवाज शे," ती म्हणाली.

मी वही उघडली. नाव लिहिलं, गाव लिहिलं, माहेर विचारलं. ओवी कधी शिकलीस या रकान्यात मी सवयीनं 'साल माहीत नाही' लिहायला घेतलं. तिनं काय लिहितोस म्हणून विचारलं, मी वाचून दाखवलं.

"माहित नही कसं? त्या साले मोसमले मोठा पूर उना व्हता. लिख."

मी ते खोडलं आणि पूर लिहिला.